सैल अडॅप्टरचं म्हणणं

मी एक जुना अडॅप्टर आहे, आणि माझ्यामुळे एका बलाढ्य कंपनीचं कंत्राट रद्द झालं.

मित्रांनो, वरचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काही घडलेलंच नाही. आपण सुरुवातीपासून सुरुवात करू.

मी एक जुना अडॅप्टर आहे. माझ्या एका तोंडाला लॅपटॉप, दुसऱ्याला भिंतीवरचा मोठा पडदा, आणि मधली वीतभर वायर म्हणजे माझा देह. लॅपटॉपवर दिसेल ते पडद्यावर पोचवायचं, हे माझं जीवितकार्य. ते मी निवडलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. जन्मल्याबरोबर एका बाईंनी मला खुपसलं, उपसलं, पुन्हा खुपसलं आणि म्हणाल्या, "चालतंय." माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं कौतुक. पुढे जे भेटले ते सगळे वायर धरून ओढणारे. तुम्हीही ओढत असाल. तोंडं बघूनच कळतं.

मी एका इंजिनिअरबाईंच्या पिशवीत राहायला गेलो. मोठ्या कंपनीत काही लोक वस्तू बनवतात; ते ग्राहकाला कधी भेटत नाहीत. काही लोक वस्तू विकतात. ते वस्तूला कधी भेटत नाहीत. या दोघांनी करून ठेवलेलं ग्राहकाच्या दारात जाऊन निस्तरायला एक माणूस लागतो. त्याला फील्ड इंजिनिअर म्हणतात. आमच्या बाई त्या होत्या.

एकदा त्यांच्या वडिलांचा फोन आला. "अगं, शेजारच्या काकू विचारतात, तुमची मुलगी नक्की करते काय? काय सांगू त्यांना?"

"सांगा बाबा, दुसऱ्यांच्या वाटच्या शिव्या खाते."

"पगारी?"

"पगारी."

"मग बरं आहे," वडील म्हणाले आणि खरोखरच समाधानाने फोन ठेवला.

आमचा एक ग्राहक होता: औषधांचं शीतगृह. मोठमोठ्या थंड खोल्यांत लसींच्या बाटल्या ठेवलेल्या. खोली तापली की बाटल्या वाया. म्हणून तिथले अधीक्षक दिवसभर जाड कोट घालून खोल्याखोल्यांतून फिरत आणि काटे बघत. त्यांचा स्वभावही त्याच तापमानाला राखलेला होता.

आमच्या सेल्सवाल्याने त्यांच्या अध्यक्षांना सांगितलं, "फिरायची गरजच नाही साहेब. खोली तापली की अलार्म थेट यांच्या मोबाइलवर." असा अलार्म जगात कुठेही नव्हता. मग डेमोपुरती एक सोय केली. बाईंनी टेबलाशी बसून गुपचूप एफ-नाईन ही कळ दाबायची, की अधीक्षकांचा मोबाइल बोंबलायचा. पडद्यावर चढत्या तापमानाचे खोटे लाल आकडे मीच दाखवले. अध्यक्ष खूश झाले. सौदा ठरला.

मित्रांनो, इथपर्यंत हा नेहमीचा खोटेपणा होता. डेमोत सगळेच करतात. खरी गंमत पुढे आहे.

बनवणाऱ्यांना निरोप गेला की ग्राहकाला डेमोत पाहिलं तेच हवंय. बनवणारे प्रामाणिक. त्यांनी तेच दिलं. एफ-नाईनसकट.

बाई ते बसवायला गेल्या. खोलीचं दार उघडून वाट बघत बसल्या. काटा चढला, मोबाइल गप्प. एफ-नाईन दाबली, मोबाइल बोंबलला. त्यांनी बनवणाऱ्यांना फोन केला.

"डेमोप्रमाणे आहे ना?" पलीकडून विचारलं.

"आहे."

"मग तक्रार काय आहे?"

त्यांनी सेल्सवाल्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "मग एक माणूस ठेवायला सांगू त्यांना. खोली तापली की दाबेल."

"आणि त्याचा डोळा लागला तर?"

"त्याला उठवायला अलार्म देऊ की. दुसऱ्या टप्प्यात."

तो थट्टा करत नव्हता. मी त्याला ओळखतो. त्याला थट्टा करता येत नाही.

सुपूर्द करायचा दिवस आला. त्या दिवशी अलार्म वाजला की अधीक्षकांच्या फेऱ्या बंद होणार होत्या. त्यानंतर बाटल्यांना कोणी वाली उरणार नव्हता, आणि बाटल्या मुलांच्या दंडांत जाणार होत्या. जिन्यात सेल्सवाला बाईंना म्हणाला, "ताई, आज फक्त दाब. दुरुस्ती मागाहून बघू. नाही दाबलंस तर उद्या ऑफिसला यायचे कष्ट घेऊ नकोस." एरवी तो त्यांना नावानेच हाक मारायचा. 'ताई' म्हणजे काम वाईट आहे, हे मी तेव्हाच ओळखलं.

बैठकीच्या खोलीत लांब टेबल, भिंतीवर पडदा, खिडकीशी सुकलेलं झाड. अध्यक्ष मधोमध. अधीक्षक कोटासकट. बाईंनी मला जोडलं. सेल्सवाला म्हणाला, "आता बघा, पडद्यावर तापमान वाढताना दिसेल."

आणि मी सैल झालो.

वयोमानानुसार झालो. माझा त्यात काही हेतू नव्हता. पडद्यावर 'सिग्नल नाही' एवढंच राहिलं. सेल्सवाल्याने मला पिळलं, वाकवलं, माझ्या फटीत स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड घडी घालून कोंबलं. मी ढिम्म. एखाद्याचा आपल्याला मनापासून राग असला की अंगात एक वेगळीच स्थिरता येते.

"राहू द्या तो पडदा," अधीक्षक वैतागून उठले. "अलार्म मोबाइलवर येणार ना? मोबाइल इथे ठेवतो. मी जातो, दार उघडतो."

ते गेले. सगळे मोबाइलकडे बघत बसले. बाईंचं बोट एफ-नाईनवर होतं.

सेल्सवाला खोकला. मग टेबलाखालून पाय हलवला. मग गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, जरा बघता का."

बाईंनी बोट उचललं. दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले, शाळेत नखं तपासायला ठेवतात तसे.

"यात कुठली कळ हाताने दाबावी लागते का?" अध्यक्षांनी सहज विचारलं.

"छे छे," सेल्सवाला म्हणाला. "आपोआप."

मोबाइल गप्प राहिला. बऱ्याच वेळाने अधीक्षक परतले. "काटा चांगला चढला. बाटल्या नासायला नकोत म्हणून दार लावून आलो. वाजला नाही ना?" ते बसले. आणि तेवढ्यात सेल्सवाल्याचा धीर सुटला. तो बाईंच्या अंगावरून वाकला आणि त्याने स्वतःच कळ दाबली.

मोबाइल बोंबलला.

अधीक्षकांनी मोबाइलकडे पाहिलं, मग सेल्सवाल्याच्या बोटाकडे. ते अजून कळीवरच होतं. "आता कशाला वाजतोय हा? आता तर दार बंद आहे."

"यांनी कळ दाबली म्हणून," बाई म्हणाल्या. "हा कळ दाबल्यावरच वाजतो. अजून तरी दुसरं काही नाहीये यात. तुमच्या फेऱ्या बंद करू नका."

अध्यक्षांनी आवाज चढवला नाही. त्यांनी चष्मा पुसला, टेबलावरची आमची माहितीपत्रकं गोळा केली आणि सेल्सवाल्याच्या हातात दिली. अधीक्षक कोटाची बटणं लावत पुन्हा खोल्यांकडे निघाले. अजूनही फिरतात म्हणे. बाटल्या थंड आहेत.

कंपनीने चौकशी केली. निष्कर्ष निघाला: 'अडॅप्टरची जोडणी सैल असल्याने कंत्राट रद्द.' सेल्सवाल्याला बढती मिळाली. आता तो ग्राहक-विश्वास विभाग सांभाळतो. बाईंना सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी ऑफिसला यायचे कष्ट पडले ते फक्त पिशवी परत करण्यापुरते. त्यांनी मला बाहेर काढलं, फटीतलं कार्ड उपसून टाकलं, पिनांवर फुंकर मारली आणि म्हणाल्या, "तू बरा होतास."

उत्तर द्यायला मला तोंडं दोन आहेत, पण दोन्हींत पिना आहेत.

त्यांनी मला सोबत नेलं नाही. मी कंपनीची मालमत्ता. आता खणात आहे, 'सदोष' अशी चिठ्ठी लावून, एका फुटक्या माउससोबत. तो रोज विचारतो, "काय केलं होतंस रे?" मी सांगतो, काही नाही.

तेव्हा मित्रांनो, अडॅप्टर काढताना तोंडाशी धरून हलक्या हाताने काढा. वायर ओढू नका. आम्ही लक्षात ठेवतो.

बाकी माझं म्हणणं मी संबंधितांकडे मांडतो: उपरोक्त प्रकरणी अर्जदारावरील ठपका रद्द करण्यात यावा, कंपनीच्या सर्व डेमो लॅपटॉपवरील एफ-नाईन ही कळ तात्काळ उपटून अर्जदाराच्या खणात जमा करण्यात यावी, आणि इंजिनिअरबाईंना परत बोलावून, त्यांच्या दोन्ही हातांना आहे त्या स्थितीत, म्हणजे टेबलावर सपाट, कायम करण्यात यावे, ही विनंती.