यंत्राच्या हातचा नारळ

मी गप्प बसणारी बाई न्हाय. गल्लीत पाण्याचा टँकर आला की लोकांना तो माझ्या आवाजानंच कळतो. पण त्या रविवारी एवढा आवाज असून काडीचा उपयोग झाला न्हाय.

आमची तेजस्वी नववीत. शाळेच्या रोबोट टीममध्ये चार पोरी, आणि त्या रोबोटचा हात हिनं बनवलेला. किती महिने घरात दुसरा विषय न्हवता, जेवतानासुद्धा ताटाशेजारी पक्कड आणि स्क्रू. पुण्याच्या स्पर्धेत त्या हातानं रबराच्या रिंगा उचलून खांबात घालायच्या होत्या. स्पर्धा मंगळवारी, गाडी सोमवारी सकाळी निघणार. गाडीचा आणि राहण्याचा खर्च निघावा म्हणून रविवारी शाळेच्या पटांगणात कार्यक्रम ठेवलेला. एका बाजूला मिसळीचा स्टॉल, दुसऱ्या बाजूला देणगीदारांचा सत्कार. गल्लीतल्या तालमीचे अध्यक्ष विजयसिंहदादा सगळं बघत होते. दिलदार माणूस, पण ऐकून घ्यायची सवय न्हाय. सत्काराच्या ताटाचं काम माझ्याकडं होतं.

ठरलंतं असं, की रोबोट पाहुण्यांना एकेक गुलाब देणार. दादांनी ताट बघितलं आणि कपाळाला हात लावला. गुलाब द्यायला हितं लगीन हाय व्हय, म्हणाले, सत्कार म्हंजे नारळ पायजे. तेजस्वीनं सांगून बघितलं, काका, त्या हाताची मोटर बारकी हाय, रिंगेपुरतीच. दादांनी तिच्या डोक्यावरनं मायेनं हात फिरवला आणि नारळाचं पोतं मागवलं.

पहिला नारळ रोबोटनं कण्हत कण्हत उचलला, पण दिला. काय शिट्ट्या, काय टाळ्या! टीमच्या सरांनी लगेच माइकवर सांगितलं, आता बाकीचे सत्कार आम्ही हातानं करू. तर दुसरे देणगीदार आकारामअण्णा, ट्रॅक्टरच्या शोरूमचे मालक, खुर्चीतनं उठलेच न्हाईत.

"त्येंना यंत्रानं आणि आमाला हातानं? असं कसं, सर?"

हळूच विचारलं त्यांनी, पण अख्ख्या मांडवानं ऐकलं. आता कुणाची बिशाद हाय न्हाय म्हणायची? एकाला दिला तसा सगळ्यांना द्यायला पायजे, न्हायतर माणूस जन्मभर डोक्यात ठेवणार. आणि हे रुसून गेले तर गाडीच न्हाय. हे मलाबी कळत होतं, म्हणून तर जीव जास्त तळमळत होता.

माझ्या परीनं मी खटपट केली. पोत्यातले बारके नारळ निवडले, शेंडी तेवढी ठेवून बाकीचा काथ्या नखांनी ओढून काढला. तर एका पावण्यानं नारळ हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, वैनी, आमच्या वाट्याला सुपारी आली की! सगळे हसले. दादांनी ताट माझ्या हातातनं घेतलं आणि मोठे नारळ वर मांडले. मी त्यांना बाजूला ओढलं आणि सांगितलं, दादा, वास येतोय, आत कायतरी जळतंय.

"वैनी, दोनच राहिल्यात. पोरींसाठीच चाललंय की सगळं," ते म्हणाले.

त्यांच्या तोंडावर खरंच आनंद होता. अशा माणसावर ओरडायचं कसं? तेजस्वी रिमोट धरून उभी होती आणि दर नारळाला माझ्याकडं बघायची. आई, थांबव की, एवढंच त्या बघण्यात होतं. आणि तिची आई पुढचा नारळ पुढं करत होती. स्वतःचाच राग आला मला, रडायलाबी आलं, पण हात काय थांबला न्हाय.

शेवटचा सत्कार दादांचाच. रोबोटचा हात अर्ध्यावर गेला, थरथरला आणि खाली पडला. नारळ घरंगळत पहिल्या रांगेत गेला. मला वाटलं, आता तरी लोक समजतील. लोक पोट धरून हसले. दादांनी नारळ स्वतः उचलला, कपाळाला लावला आणि पोरींना जवळ घेऊन फोटो काढला.

मोटर जळालेली. सरांनी ओळखीच्या सगळ्या दुकानांत फोन केले. तसली मोटर बाहेरनं मागवायची, यायला आठवडा लागणार. आमचे हे कागलच्या एमआयडीसीत कामाला, त्यांनी कारखान्यात विचारलं, तर तिथं सगळ्या मोठ्या मोटरी. गाडीला पैसे जमले, मोटरीलाबी जमले होते. मोटरच न्हवती. पण एवढे पैसे घेतल्यावर देणगीदारांना हे सांगायचं कुणी?

सोमवारी सकाळी अख्खी गल्ली पोरींना सोडायला आली. दादांनी गाडीला हार घातला, चाकापुढं नारळ फोडला आणि खिडकीतनं चौघींच्या हातात खोबऱ्याचा तुकडा दिला. जिंकूनच यायचं, म्हणाले. तेजस्वीच्या मांडीवर रोबोट होता, त्याचा हात तिनं ओढणीनं बांधून घेतलाता. तिनं मला खिडकीजवळ बोलावलं.

"आई, मी उतरू?"

मागं सगळी देणगीदार मंडळी हात वर करून उभी होती.

"खोबरं खा," मी म्हटलं.

गाडी सुटली. वळणापर्यंत दिसत होतं, तिनं तो तुकडा तसाच हातात धरलाता.