जाळीसकट

पेनला सुतळी बांधली होती आणि सुतळीचं दुसरं टोक काउंटरच्या खिळ्याला. म्हणजे या तिसऱ्या हॉस्पिटलात पेनसुद्धा चोरीला जातं, असं रत्नप्रभाच्या मनात आलं आणि एवढ्यानंच तिला जरा बरं वाटलं. सकाळच्या बोरिवलीच्या हॉस्पिटलात असलं काही नव्हतं. तिथे काच, गारेगार हवा, आणि मान वर न करणारी मुलगी... 'पॉलिसी आहे का, मॅडम?' 'नाही.' 'मग एक लाख ऐंशीपासून पुढे, रूम कुठली घेताय त्यावर.' रूमवर? म्हणजे हर्निया तोच, सर्जन तोच, टाके तेवढेच, आणि एसीत झोपलं की सुरीसुद्धा महाग? विचारायला हवं होतं. विचारलं नाही. कोळणीशी वीस रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घालणारी मी, 'बरं, थँक्यू' म्हणून मुकाट बाहेर आले.

चूक तिचीच होती, असं तिनं रिक्षात ठरवून टाकलं. पाटल्या घालून कोणी भाव विचारायला जातं? खारदांड्याला पापलेट आणायला जाताना ती मंगळसूत्रदेखील पदराआड सारते, कारण तोंड बघून भाव सांगतात. दवाखान्यात मात्र सोनं दिसलं तर नीट बोलतील, नवऱ्याला नीट बघतील, असं वाटलं होतं. म्हणून दुसऱ्या हॉस्पिटलच्या जिन्यात तिनं पाटल्या काढल्या, रुमालात गुंडाळल्या, आणि वर जाऊन चक्क थाप मारली, 'शेजाऱ्यांसाठी विचारतेय.' नवऱ्याच्या पोटाचा भाव करत फिरतेय असं कोणी म्हणू नये... तिथे तर आकडाच सांगेनात. आधी सरांना दाखवा, मग सर सांगतील. सरांची फी दीड हजार.

आणि तो, दत्ताराम, घरी, जांघेवर तळहात दाबून. शिंक आली तरी आधी भिंत धरणार. दोन वर्षं हेच चाललंय. 'काय नाय गो, वायू आसा.' आतडं अडकलं तर मग वेळ मिळणार नाही, असं गल्लीतल्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हापासून ती झोपेतही त्याच्या कण्हण्याकडे कान लावून असते.

"काकी, कोणासाठी?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं. छातीवर शीतल अशी पाटी.

"शेजाऱ्यां..." म्हणता म्हणता रत्नप्रभाची नजर भिंतीवर गेली. मोठा पांढरा फलक, मराठीत. हर्निया, दुर्बिणीतून : अडुसष्ट हजार. खाली बारीक, पण वाचता येईल असं : भूल, औषधं, दोन दिवस, जाळी, सगळं धरून. तिनं दोनदा वाचलं. तोंड बघायच्या आधीच भाव लिहून ठेवलाय, आता मी पाटल्या घातल्या काय आणि काढल्या काय! अगं बाई, मग मी सकाळपासून कोणासाठी नाटक करतेय?

"माझ्या मिस्टरांसाठी," ती म्हणाली. "जाळी म्हणजे ती आत बसवतात तीच ना? नंतर वेगळी नाही ना लावणार?"

"नाही हो. जाळीसकट." शीतल हसली. "समोरच्यांनीपण आता बोर्ड लावलाय, आम्ही लावला म्हणून. दोन हजार कमी आहेत, पण जाळी वेगळी. बघून या हवं तर, आमचं काही नाही."

बघून या! आजवर कुठल्या दुकानदारानं असं म्हटलं होतं? रत्नप्रभाला एकदम हसू आलं, आणि हसताना डोळे भरले, ते तिनं तसेच भरू दिले. लेकीच्या, निधीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेल्यातलं मोडायला नको. नव्वदच्या आत आलं तर जमेल, असं ती आठवडाभर स्वतःशी घोकत होती. जमलं की! झकास जमलं. मग ते सुतळीचं पेन उचलायला हात का पुढे होईना?

तिनं बाकावर बसून फोन लावला.

"कितके सांगल्यानी?" त्यानं लगेच विचारलं.

"अडुसष्ट. जाळीसकट. सगळा धरून."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"मगे आता करूचाच लागतला," दत्ताराम म्हणाला, आणि मग, हळू आवाजात, "माका भिती वाटता गो. पैशे नाय म्हणान सुटलंय असा वाटलेला."

हे तिचंही होतं — सकाळी एक लाख ऐंशी ऐकल्यावर रिक्षात बसताना छातीतून जे सुटलं होतं, तो नुसता संताप नव्हता, त्यात कुठेतरी, चोरून, हुश्श होतं... नाही परवडत, तर नाही करायचं, तर कोणी त्याला त्या दारातून आत नेणार नाही आणि मी बाहेर एकटी बसणार नाही. दोन वर्षं दोघांनी मिळून 'परवडत नाही'च्या मागे दडी मारली होती, आणि एकमेकांना सांगितलंही नव्हतं.

"माकाव वाटता," ती म्हणाली.

"तुका?" तो चकित झाला, आणि मग हसला, हसताना कण्हला, तरी हसला.

फोन ठेवून ती बसून राहिली. शीतल दुसऱ्या कोणाला तोच भाव सांगत होती, त्याच आवाजात. रत्नप्रभाला भीती वाटतच होती. पण ती आता नुसती ऑपरेशनची होती, आणि दोघांत वाटलेली होती, आणि खरं सांगायचं तर तिला कितीतरी हलकं वाटत होतं.