परीक्षकसाहेबांच्या अंगातल्या वाफा

गाडी चालवायच्या परवान्याची चाचणी घेणारे परीक्षक भलतेच कडक. लोक त्यांना माघारी 'लाल शेरा' म्हणत. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी त्यांना दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन सुरू झालं, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "या कॅन्सरला पुरुषी हार्मोनचं खाद्य लागतं. ते आपण तोडतोय. अंगातून वाफा निघतील, ऊठसूट रडू येईल."

"रडू? मला?" म्हणत साहेबांनी ते उडवून लावलं होतं.

त्या सकाळी चाचणीला पन्नाशी उलटलेल्या एक शिवणकामवाल्या बाई होत्या. चौकात गाडी वळली आणि साहेबांच्या छातीतून आगीचा लोळ उठला. त्यांनी टाय ओढला, काच खाली केली, डोकं बाहेर काढलं. तेवढ्यात एक मांजर आडवं आलं, बाईंनी अलगद ब्रेक लावला, आणि मांजर इतक्या विश्वासानं पलीकडे गेलं की साहेबांना हुंदकाच फुटला.

"माझं काही चुकलं का हो साहेब?"

"समोर बघा!" साहेब नाक ओढत म्हणाले.

"वाफा येतायत ना? मानेपासून वर?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"चार वर्षं काढलीत मी."

गाडीत तिसरं कुणी नव्हतं, तरी साहेबांनी आजूबाजूला बघून, कुजबुजत, इंजेक्शनचं सगळं सांगितलं.

"अगंबाई! म्हणजे तुमची पाळी गेली म्हणा की!"

साहेबांनी झटकन काच वर केली. मग पोट धरून हसत सुटले, आणि हसता हसता पुन्हा रडू लागले. बाईंनी स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी पर्समध्ये रुमाल शोधला. गाडी सावकाश फुटपाथवर चढली आणि कचऱ्याच्या डब्याला टेकली.

"नापास," साहेब डोळे पुसत म्हणाले. "फार वाईट वाटतंय हो मला. पण नापास."

"वाटू द्या. सुती बनियन घाला, चहा कोमट प्या," बाई म्हणाल्या.

महिनाभरानं त्या परत आल्या तेव्हा साहेबांचा रक्ताचा रिपोर्ट चांगला आला होता, बनियनही सुती होतं. बाईंनी गाडी सुतासारखी सरळ चालवली. पास असं लिहिताना साहेबांनी असा काही गळा काढला, की बाहेर रांगेत पुढचा नंबर असलेला गृहस्थ अर्ज घडी घालून गुपचूप घरी निघून गेला.