फाटक्या पिशवीतला वारा

मित्रांनो, मी एक जुनी वाऱ्याची पिशवी आहे. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची, दोन्ही तोंडांनी उघडी. सदऱ्याची बाहीच जणू. फक्त आत हात नाही, वारा असतो. पवनचक्क्यांच्या माळावर, ऑफिससमोरच्या खांबावर मी राहते. वारा सुसाट असला की मी आडवी, ताठ होते. पडला की लोंबते. मी लोंबले तरच माणसं दुरुस्तीला चक्कीवर चढतात.

चढायचं की नाही, हे मॅडम ठरवत. मॅडम म्हणजे इथल्या मॅनेजर. वारा सुटला की चक्क्या फिरत ठेवायच्या, पडला की दुरुस्त करायच्या. वाऱ्याला सुट्टी नाही, म्हणून मॅडमनाही नाही. वीज कमी भरली की मुख्य ऑफिसातून असे फोन येत, जणू वारा मॅडमनीच कपाटात कोंडलाय. चक्क्या दुरुस्त करणारे मिस्त्रीकाका म्हणत, "मॅडम, मागच्या जन्मी वाऱ्याच्या थोबाडीत मारली असणार तुम्ही!" त्या खळखळून हसत. पुढे पुढे नुसत्या हसत. मग गप्पच झाल्या. "किती शांत बाई!" लोक म्हणू लागले.

त्याच सुमारास मी उन्हानं विरले आणि गळ्याशी फाटले. मॅडमनी नव्या पिशवीसाठी तीनदा लिहिलं. उत्तर आलं, "कापडाचं काय घेऊन बसलात?"

एका सकाळी ऑफिसातला, वाऱ्याचा वेग दाखवणारा संगणकाचा पडदा बंद पडला. फोन मात्र वाजला, "बंद पडलेली तीन नंबरची चक्की दुपारच्या आत फिरली पाहिजे." मॅडमनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. सतरा दिवस घर न पाहिलेले डोळे ते. वारा भरारत होता, पण सारा माझ्या फाटीतून गळत होता. मी लोंबत होते.

"वारा पडलाय. चढा, काका."

मला ओरडायचं होतं. पण कापडाला कुठला कंठ? काका चालत चक्कीपाशी गेले. वारा त्यांच्या अंगालाही लागला, पण मॅडमनी पिशवी पाहिलीय म्हणून ते शिडीला लागले. मॅडम चहा घेऊन दारात आल्या, आणि कपावरची वाफ आडवी पळाली. त्यांनी वर पाहिलं. माझी फाट दिसली. कप पडला.

"काका, उतरा! वारा आहे! पिशवी फाटलीय!" वॉकीटॉकीत त्या किंचाळल्या.

काका परतले तेव्हा मॅडम धावत पुढे आल्या. "मला दिसलं नाही, काका."

"दिसणार कसं? उघड्या डोळ्यांनी झोपताय तुम्ही. घरी जा, लेकी."

मॅडमनी मुख्य ऑफिसला फोन लावला. "आज चक्की फिरणार नाही. आणि उद्यापासून चार दिवस मी घरी आहे." मग मला खांबावरून उतरवून मांडीवर घेतलं, जाड काळा दोरा ओवला, आणि किती तरी दिवसांनी गुणगुणल्या:

वारा गं भिरभिरा, टाका घाल सावकाश,
फाटक्या पदरात कसं राहील आकाश?

संध्याकाळी मी परत खांबावर चढले, आणि वाऱ्यानं माझ्या बाहीत पुन्हा हात घातला. मित्रांनो, कुणी फार शांत दिसलं, तर वारा पडलाय असं समजू नका. जवळ जा. कुठे फाटलंय का, ते बघा.