गुलाबी नळी

नवरा डोंगरमाथ्यावरच्या खाणीत वायरमन, मी खाली गावात रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये. वरची हवा विरळ. प्राणवायू कमी पडला की यकृत कुरकुरतं, साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा रेंगाळत पचवतं. फारच ताण आला तर त्यातली एन्झाइम्स रक्तात सांडतात. म्हणून दर महिन्याला वरच्या सगळ्यांचं रक्त आमच्याकडे येतं. त्या एन्झाइम्सचा आकडा ठरल्या रेषेपलीकडे गेला, की माणूस खाली.

खाली म्हणजे घरी.

बर्फाच्या डब्यातून त्याच्या रक्ताची नळी काढली आणि मुठीत धरली. चार महिन्यांत त्याचं एवढंच हाताला लागलं होतं.

"अगं, अंडं आहे का ते उबवायला?" थोरल्या मॅडम म्हणाल्या.

नळी यंत्रात फिरवली, तपासली. आकडा रेषेच्या वर! काळजी वाटली आणि, खोटं कशाला बोलू, त्याच क्षणी आनंदही झाला.

मग नळी उजेडात धरली. रक्तावर सुटलेलं पाणी पिवळसर हवं, ते गुलाबी होतं. खडबडीत रस्त्यानं रक्तपेशी फुटल्या होत्या, त्यांच्यातलीही एन्झाइम्स त्यात सांडली होती. आकडा यकृताचा नव्हता, खड्ड्यांचा होता.

"मॅडम, गुलाबी आहे ना?"

"मला चष्म्याशिवाय दिसत नाही बाई." चष्मा त्यांच्या कपाळावरच होता. "लिही की आकडा. पोर फोनलाच बाबा म्हणते म्हणून काल रडत होतीस ना?"

दोन दिवसांत तो दारात उभा राहिला असता. पण यकृत बिघडल्याचा शिक्का एकदा बसला, की वरचं काम कायमचं गेलं. तेही माझ्या हातून.

लिहिलं, 'नमुना खराब. पुन्हा पाठवा.'

दुपारी त्याचा फोन. "परत टोचलं मला! कोण खडूस बसलंय गं तुमच्याकडे?"

"आहे एक."

तो हसला. मग हळूच म्हणाला, "आकडा वाढला असता तर बरं झालं असतं."

"वेडा आहेस का? ड्रायव्हरला हळू चालवायला सांग."

तिसऱ्या दिवशी दुसरी नळी आली. पाणी स्वच्छ पिवळं, आकडा अडतीस. यकृत अगदी ठणठणीत. तोच आकडा लिहिला, सही केली.

मग नळी पुन्हा मुठीत घेतली. मॅडमनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. नळी कोमट होईपर्यंत.