रोग तोडणारी नळी

तांड्यावरच्या समाजमंदिरासमोर चपलांचा ढीग पडला होता. आत नळीवाले महाराज बबिताच्या छातीला हातभर काचेची नळी लावून ओरडत होते, "निकल क्षय, निकल! हाडात असशील तर हाडातून, मांसात असशील तर मांसातून!" त्यांनी नळीला ओला अंगारा फासला, अंगठे टेकवले. टक्! दोन सरळ तुकडे. ना चुरा, ना रक्ताचा थेंब.

"रोग तुटला! आता गोळ्या बंद. औषध पोटात गेलं की तुटलेला रोग पुन्हा सांधतो."

बबिताची आई रुपीबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवते. मी तिथे विज्ञान शिकवते, आणि छंद म्हणून घरी काचेच्या नळ्यांची कारंजी बनवते. मी तुकडा उचलून अंगारा पुसला. कडेला बारीक ओरखडा होता.

दुसऱ्या दिवशी तिथेच मी सगळ्यांना बोलावलं. तिकोनी कानशीने नळीवर एकदाच ओरखडा काढला, पाणी लावलं, नळी टॉवेलात धरली. ओरखड्याच्या उलट बाजूला अंगठे ठेवले आणि ओढत हलकेच वाकवली. टक्! "ताण ओरखड्यावर येतो, काच तिथूनच तडकते. महाराज ओरखडा आधीच काढून आणतात. अंगारा तो झाकायला." बबितानेही एक नळी तोडली आणि खुदकन हसली.

तिचे वडील धनसिंग उठले. "मॅडम, तुमी काच तोडली. महाराजानं रोग तोडला." सगळ्यांच्या माना डोलल्या.

"गोळ्यांनं पोरीले उलट्या होते, बाई," रुपीबाई म्हणाली. "महाराज नाई म्हणते तं कायले देऊ?"

"उलट्यांवर डॉक्टर औषध देतील. गोळ्या सोडू नका."

सोडल्याच. त्यानंतर पाचव्या महिन्यात यवतमाळच्या दवाखान्यात बबिता मला म्हणाली, "नळी तोडली तवाच मले समजलं होतं, मॅडम. पण रोग तुटला म्हटलं तं ठरलेली सोयरीक राह्यते, असं माय म्हणे." चार दिवसांनी ती गेली.

परवा तिची धाकटी बहीण सोनू खोकताना दिसली. मी तपासणीचा विषय काढला, तर धनसिंग म्हणाले, "महाराज आता नेर गावात बसते. गुरुवारी नेतो."

खोकला दोन आठवडे हटला नाही तर थुंकी तपासा. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते. सुरू केलेल्या गोळ्या डॉक्टर सांगेपर्यंत सोडू नका. क्षय बरा होतो, तो लपवू नका. एवढंच मागणं आहे.

उद्या मी पुन्हा त्यांच्या दारात जाणार आहे. ते सोनूला तपासणीला पाठवतील, असं वाटत नाही.