रोटरीची आयुधपूजा

निवृत्तीनंतर आमच्या यजमानांना चारचौघांसारखा मधुमेह व्हायला काय हरकत होती? पण नाही. उमाकांतरावांना रोटरी इंजिन झालं.

जन्मभर सरकारी कारखान्यात विमानांची इंजिनं तपासली, तरी हौस फिटली नाही. कुठल्याशा बंद गॅरेजातून एक लाल, जुनी जपानी स्पोर्ट्स कार उचलून आणली आणि जे. पी. नगरच्या आमच्या पोर्चमध्ये तिच्याखाली आडवे झाले. "विद्या, बाकीच्या इंजिनांत पिस्टन वरखाली आदळत बसतात. हे नुसतं फिरतं!" असं म्हणत जेवताना घडीची पोळी ताटलीत गोल फिरवून दाखवायचे. त्रिकोणी रोटर म्हणजे काय, ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी पोळी रोज फिरायची.

"एकदा शेजारी बस. एकदाच या इंजिनाचं गाणं ऐक," एवढंच त्यांचं मागणं. गाडीची पूजा झाल्याशिवाय बसणार नाही, असं मी सांगून टाकलं. मला वाटलं, ती गाडी कसली सुरू होतेय. ती झाली. आणि दसऱ्याची आयुधपूजाही आली; इकडे कानडी मुलखात तेव्हा गाड्याही पुजतात.

आता या इंजिनाची एक खोड आहे. थंड असताना सुरू करून लगेच बंद केलं, की आत पेट्रोल साचतं आणि मग ते हूं की चूं करत नाही. सुरू केलं की तापेपर्यंत चालवायचंच. देऊळ तर आमच्या गल्लीच्या टोकाला. म्हणून आम्ही गाडी ढकलत नेली. ते स्टिअरिंगला, मी ठेवणीतल्या इरकलीत मागे. शेजारचा मंजुनाथ आपली नवी गाडी घेऊन आमच्यामागून हळूहळू येत होता. उतरून हात लावावा, हे काही त्याला सुचलं नाही.

देवळापुढे गाड्यांची ही रांग! श्रीहरी भटजी निपाणीकडचे, मराठी बोलणारे. त्यांनी हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि तबक माझ्याकडे देऊन डॅशबोर्डला कुंकू लावायला आत बसले. माझ्या जागेवर. दोनच सीटा आहेत हो त्या गाडीत.

"हं सार, सुरू करा, लिंबांवरून घ्या आणि बंद करा."

"ढकलली तर चालेल?"

"मग हातगाडीच आणायची होती की!"

यजमानांना ते लागलं. त्यांनी किल्ली फिरवली. असा धूर निघाला, की देवळाची घंटा दिसेनाशी झाली. लिंबं चिरडली.

"आता बंद करा," भटजी खोकत म्हणाले.

"आता नाही करता येत."

"मुंदे होगी, सार!" गाडी पुढे घ्या म्हणून मागून सगळे कानडीत ओरडायला लागले. गाडी मुंदे गेली. भटजींसकट.

मुहूर्त टळत होता आणि भटजी पळत होते. सगळी रांग त्यांच्यामागे निघाली. मी तबक घेऊन मंजुनाथच्या गाडीत घुसले. रस्त्यातल्या लोकांना ती मिरवणूक वाटली. पाण्याचे दोन टँकर आणि लग्नाची एक बस आमच्यात सामील झाली. घरापासून सात-आठ किलोमीटरवरचं एचएसआर लेआउट आलं, इंजिन केव्हाच तापलं असणार, तरी हे थांबेनात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्यासाठी जपून ठेवलेलं गाणं तो भटजी ऐकत होता! पूजेची अट घालणारी मीच, हे आठवून तर रडूच यायला लागलं.

पुढे बेळ्ळंदूरला सुट्टी असो नसो, रस्ता कायम ठप्प; तिथे सगळेच अडकले. मी उतरून तरातरा पुढे गेले. भटजी लाल गाडीतून बाहेर येत होते.

"अक्का, काय आवाज आहे!"

मी तबक त्यांच्या हातात कोंबलं. "तुमची रांग मागे उभी आहे बघा."

त्यांना पटलं. त्यांनी तिथेच एकेका गाडीला कुंकू लावायला सुरुवात केली. टँकरवाल्यांनी आपणहून लिंबं मागितली.

मी गाडीत बसले, म्हणजे जवळजवळ पडलेच. सीट जमिनीला टेकलेली.

"चुकलंच माझं," यजमान पुटपुटले. "आता बंद केली तरी चालेल."

"पूजा झाली ना?"

"झाली."

"मग चला की!"

पुढची कोंडी फुटली. काटा चढत गेला. धडधड नाही, थरथर नाही, नुसता एक सूर उंच उंच चाललेला. मी त्यांचा दंड घट्ट धरला. सांगायला लाज वाटावी, इतका आनंद झाला मला.

आरशात भटजी तबक उंचावून धावताना दिसले.

"अगं, भटजी राहिले!"

"राहू देत," मी म्हटलं. "तुम्ही मागे बघू नका. दाबा."